स्विंगच्या टेक्स्टफील्डमध्ये रक्कम, नाव आणि पॅन: टाइप करताना किती अडवायचं?

प्रश्न थोडक्यात असा. जावा स्विंगमध्ये (जावाची खिडक्या, बटणं, फॉर्म बनवायची लायब्ररी) एका पतसंस्थेसाठी डेस्कटॉप ॲप चालू आहे. खातेदाराच्या फॉर्मवर तीन फील्ड: नाव मराठीत, रक्कम फक्त आकड्यांत आणि आपल्या पद्धतीच्या स्वल्पविरामांसह, आणि दहा अक्षरांचा पॅन. प्रत्येक जेटेक्स्टफील्डला (एका ओळीची टाइप करायची चौकट) कीलिसनर, म्हणजे दाबलेली की पकडणारा कोड, लावलाय आणि नको ते अक्षर आलं की तो इव्हेंट कन्झ्यूम केला जातो, म्हणजे तिथेच गिळला जातो. तरीही पेस्ट केलं की काहीही आत जातं, मराठी नाव टाइप करताना काने-वेलांट्या गळतात, आणि रकमेत स्वल्पविराम घालायला गेलं की कर्सर भलतीकडे उडी मारतो. स्विंगचं तयार जेफॉर्मॅटेडटेक्स्टफील्ड (ठरलेल्या नमुन्यात मजकूर घेणारं) वापरावं की स्वतःचं काही लिहावं?

पहिली गोष्ट, कीलिसनर तिन्ही फील्डवरून काढून टाका. त्याला फक्त कीबोर्ड दिसतो. उजव्या क्लिकच्या मेनूतून केलेली पेस्ट, दुसऱ्या खिडकीतून ओढून टाकलेला मजकूर, फोनेटिक कीबोर्डने अर्धवट जुळवलेलं अक्षर, यातलं काही त्याच्या वाटेने येतंच असं नाही. तिथे कितीही अटी वाढवल्या तरी गळती थांबणार नाही.

मजकूर जेटेक्स्टफील्डमध्ये नसतो, तो त्याच्या मागच्या डॉक्युमेंटमध्ये असतो. डिफॉल्ट म्हणून प्लेनडॉक्युमेंट. सगळे बदल तिथून जातात, म्हणून पहारा तिथेच हवा. जावा 1.4 पासून त्यासाठी डॉक्युमेंटफिल्टर आहे. त्याआधीच्या उदाहरणांमध्ये प्लेनडॉक्युमेंटचा सबक्लास करून इन्सर्टस्ट्रिंग ओव्हरराइड केलेलं दिसतं. ते अजून चालतं, पण नव्याने लिहिताना तो रस्ता धरायचं कारण उरलेलं नाही. फील्डचं गेटडॉक्युमेंट घ्यायचं, ॲबस्ट्रॅक्टडॉक्युमेंटमध्ये कास्ट करायचं आणि सेटडॉक्युमेंटफिल्टर करायचं. लक्षात ठेवा, फिल्टर डॉक्युमेंटला चिकटतो, फील्डला नाही. पुढे कुठे सेटडॉक्युमेंट करून डॉक्युमेंट बदललं तर फिल्टर गुपचूप गेला.

फिल्टरमध्ये तीन मेथड असतात: इन्सर्टस्ट्रिंग, रिमूव्ह आणि रिप्लेस. नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो. माणूस नावावरून इन्सर्टस्ट्रिंग ओव्हरराइड करतो, प्रोग्राम चालवतो आणि फिल्टर लागतच नाही म्हणून डोकं धरतो. कारण फील्डमध्ये टाइप केलेलं अक्षर, पेस्ट आणि सेटटेक्स्ट हे सगळं रिप्लेसमधून येतं, निवडलेलं काही नसेल तर लांबी शून्य धरून. इन्सर्टस्ट्रिंगला हाक बसते ती डॉक्युमेंटवर थेट इन्सर्ट केलं तर, आणि दुसरी महत्त्वाची वेळ म्हणजे आयएमईचा, म्हणजे रोमन कीवरून मराठी अक्षरं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, अर्धवट मजकूर. त्याकडे खाली येतो. तिन्ही मेथड लिहा. इन्सर्टस्ट्रिंगमधून सरळ रिप्लेसला लांबी शून्य देऊन हाक मारली की तर्क एकाच जागी राहतो. रिप्लेसमध्ये येणारा मजकूर नलही असू शकतो, तेव्हा पहिल्याच ओळीत नलची रिकामी स्ट्रिंग करून घ्या.

आत तपासायचं काय? आलेलं अक्षर एकटं तपासू नका. बदल झाल्यावर अख्खा मजकूर कसा दिसेल ते आधी बांधा: सध्याचा मजकूर स्ट्रिंगबिल्डरमध्ये, त्यात ऑफसेटपासून (बदल सुरू होतो ती जागा) लांबीइतका भाग काढून नवा मजकूर घाला, आणि मग तो पूर्ण निकाल स्वीकारण्याजोगा आहे का ते पाहा. असेल तर फिल्टरबायपासवर (फिल्टरला वळसा घालून डॉक्युमेंट बदलणारा ऑब्जेक्ट) रिप्लेस, नसेल तर काहीच करू नका. हवं तर लुकअँडफीलचं प्रोव्हाइडएररफीडबॅक बोलवा, म्हणजे टक्‌ असा आवाज होतो. एकटं अक्षर तपासण्याच्या पद्धतीने दुसरा दशांश बिंदू, मध्येच आलेलं वजाचिन्ह, निवडलेल्या भागावर केलेली पेस्ट, हे सगळं निसटतं.

रकमेसाठी नियम लिहिताना अर्धवट अवस्थांना जागा ठेवा. रिकामं फील्ड, नुसतं वजाचिन्ह, «12.» असा लटकलेला बिंदू, या सगळ्या टाइप करतानाच्या वैध अवस्था आहेत. वजाचिन्ह असलं तर एकच आणि सुरुवातीला. मग कितीही आकडे, शून्यसुद्धा. मग हवा तर एक बिंदू आणि त्यापुढे फार तर दोन आकडे. एवढाच पहारा. रक्कम शून्यापेक्षा मोठी आहे का, मर्यादेत आहे का, हे फील्ड सोडताना बघायचं. टाइप होत असताना किमान मर्यादा लावलीत तर 500 पासून पुढेच चालणाऱ्या फील्डमध्ये पहिला 5 सुद्धा टाइप होणार नाही.

एक्सेलमधून किंवा मेसेजमधून रक्कम पेस्ट होते तेव्हा ती «₹ 1,25,000.00» किंवा «रु. 1,25,000/-» अशी येते, शेवटी नवी ओळ किंवा टॅब, मध्ये कधी न तुटणारी स्पेस. हे नाकारू नका, साफ करा. फक्त आंधळेपणाने नाही: आकडे आणि बिंदू सोडून सगळं गाळायचं असा नियम केलात तर «रु. 500.50» मधून «.500.50» उरतं. आधी सुरुवातीचा ₹ किंवा रु. काढा, मग शेवटचं /- काढा, मग स्वल्पविराम आणि सगळ्या प्रकारच्या स्पेस काढा, आणि उरलेलं वरच्या नियमातून जाऊ द्या. आणखी एक. साध्या जेटेक्स्टफील्डमध्ये पेस्टमधल्या नव्या ओळींची स्पेस आपोआप होते, ते काम प्लेनडॉक्युमेंटचं इन्सर्टस्ट्रिंग करतं. फिल्टर लावला की रिप्लेसची वाट त्याला वळसा घालून जाते. म्हणून फिल्टर असलेल्या प्रत्येक फील्डमध्ये नवी ओळ तुम्हीच काढायची.

पेस्ट लांबीच्या मर्यादेबाहेर जात असेल तर बसेल तेवढं घ्यायचं हा सर्रास दिसणारा उपाय आकड्यांच्या फील्डमध्ये घातक आहे. सहा आकड्यांच्या फील्डमध्ये 1,25,00,000 पेस्ट केलं आणि पुढचं कापलं, तर आत 125000 राहतं. ते दिसायला वैध, अर्थाने साफ चूक, आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. अख्खं घ्या किंवा अख्खं नाकारा.

आता देवनागरी आकडे. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि रकमेत ५०० टाइप झालं तर काय होतं, ते कुठली मेथड वापरलीत यावर ठरतं. कॅरेक्टरचं इझडिजिट ५ ला आकडाच म्हणतं. इंटिजरचं पार्सइंट «५००» चे व्यवस्थित 500 करून देतं, बिगडेसिमलचा कन्स्ट्रक्टरही देतो. पण डबलचं पार्सडबल तोच मजकूर नंबरफॉरमॅटएक्सेप्शन टाकून नाकारतं, आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं बॅकस्लॅश-डी जावात मुद्दाम सांगितल्याशिवाय फक्त 0 ते 9 ओळखतं. म्हणजे फिल्टर इझडिजिटवर आणि सेव्ह पार्सडबलवर असेल, तर वापरणाऱ्याला फील्डमध्ये सगळं ठीक दिसतं आणि सेव्ह करताना ॲप कोसळतं. उपाय सोपा: फिल्टरमध्ये शिरताक्षणी प्रत्येक अक्षरावर कॅरेक्टरचं डिजिट, पाया 10 देऊन, चालवा, उणे एक आला नाही तर तो आकडा 0 ते 9 मध्ये बदलून आत सोडा. ५ टाइप केलं की 5 दिसेल. पतसंस्थेतल्या वापरणाऱ्याला देवनागरीतच हवं असेल तर ते दाखवताना करा, साठवताना नाही. आणि पैशांसाठी डबल वापरूच नका, बिगडेसिमल वापरा. त्याने हा प्रश्न निम्मा आपोआप सुटतो.

स्वल्पविरामांबद्दल. जावाच्या डेसिमलफॉरमॅटला लाख-कोटीची मांडणी येत नाही. «#,##,##0.00» असा पॅटर्न दिलात तरी तो फक्त शेवटच्या गटाची लांबी वाचतो आणि 12,34,567 ऐवजी 1,234,567 देतो. एरर येत नाही, इशारा येत नाही. आयसीयूफोरजे लायब्ररीतलं त्याच नावाचं क्लास दुय्यम गट मानतं. एवढ्यासाठी ती अवजड लायब्ररी आणायची नसेल तर पंधरा ओळींचं स्वतःचं फंक्शन पुरतं: बिंदूपुढचा भाग बाजूला ठेवा, वजाचिन्ह बाजूला ठेवा, उजवीकडून तीन आकडे मोजून स्वल्पविराम, मग दर दोन आकड्यांनी स्वल्पविराम. लोकेल (भाषा आणि देशाची सेटिंग) मराठी-भारत देऊन नंबरफॉरमॅट घ्यायचा मोह झाला तर सावध. जावा 9 पासून लोकेलचा डेटा डिफॉल्टने सीएलडीआरमधून, म्हणजे यूनिकोडच्या लोकेल-माहितीच्या साठ्यातून, येतो, आणि तिथे मराठीचे मूळ आकडे देवनागरी आहेत. हवे असतील तर ठीक, नको असतील तर रिपोर्टमध्ये अचानक १२३ दिसेल. नंबरफॉरमॅटचं पार्स वापरत असाल तर आणखी एक खोच: «12abc» सारख्या मजकुराचा तो मुकाट 12 करतो. पार्सपोझिशन देऊन, वाचन शेवटपर्यंत पोचलं का ते बघावंच लागतं.

स्वल्पविराम टाइप करतानाच दाखवायचे का? माझं मत स्पष्ट आहे: शक्यतो नाही. फोकस आत असेपर्यंत साधा आकडा ठेवा, फोकस गेला की स्वल्पविराम घाला (तेवढ्यापुरता फिल्टर उघडा सोडून, नाहीतर तोच ते काढून टाकेल), परत आला की काढा. फोकसलिसनरच्या दोन मेथडमध्ये काम संपतं आणि कर्सरचा प्रश्नच उद्भवत नाही. रोखपालाला दिवसभर रकमाच भरायच्या असतील आणि शून्यं मोजताना चूक महागात पडत असेल, तरच जिवंत स्वल्पविरामांचा खटाटोप करण्यात अर्थ आहे. तो करायचा तर असा.

बदलापूर्वी कर्सरच्या उजवीकडे किती आकडे आहेत ते मोजून ठेवा. स्थान नाही, आकडे. आणि डावीकडचे नाही, उजवीकडचे. समजा «12,345» आहे आणि कर्सर 2 च्या पुढे. उजवीकडे तीन आकडे. 9 टाइप केलं, नवा मजकूर «1,29,345». आता उजवीकडून तीन आकडे ओलांडून मागे या, कर्सर 345 च्या आधी बसेल, म्हणजे नुकत्याच टाइप केलेल्या 9 च्या पलीकडे, जिथे तो हवा तिथेच. नुसतं जुनं स्थान अधिक एक केलं असतंत तर तो 2 आणि 9 च्या मध्ये अडकला असता आणि पुढचा आकडा चुकीच्या जागी गेला असता. प्रश्नातली उडी ती हीच, किंवा सेटटेक्स्टने अख्खा मजकूर बदलल्यामुळे कर्सर शेवटाला जातो ती.

दुसरी अडचण बॅकस्पेसची. «12,34,567» मध्ये कर्सर दुसऱ्या स्वल्पविरामाच्या पुढे असताना बॅकस्पेस दाबला. स्वल्पविराम गेला, आकडे तेच राहिले, फॉर्मॅटने तो परत घातला. दहा वेळा दाबा, काही हलत नाही. वापरणाऱ्याला वाटतं की कीबोर्ड बिघडला. म्हणून रिमूव्हमध्ये ही अट लागते: लांबी एक असेल आणि पुसायचं अक्षर स्वल्पविराम असेल, तर शेजारचा आकडाही घ्या. कुठला शेजारी? बॅकस्पेस असेल तर डावीकडचा, डिलीट असेल तर उजवीकडचा. फिल्टरला की कुठली दाबली ते कळत नाही, पण कर्सर कळतो: ऑफसेट कर्सरपेक्षा एकाने कमी असेल तर बॅकस्पेस, बरोबर कर्सरवर असेल तर डिलीट. त्यासाठी फिल्टरच्या कन्स्ट्रक्टरमध्ये फील्डचा रेफरन्स द्यावा लागतो. दिसायला बरं नाही, पण दुसरा सरळ मार्ग नाही. वरच्या उदाहरणात 4 आणि स्वल्पविराम दोन्ही गेले की «1,23,567» उरतं, उजवीकडचे तीन आकडे तसेच, कर्सर 567 च्या आधी.

हेच काम डॉक्युमेंटलिसनरमधून करायचा प्रयत्न बरेच जण करतात. लिसनर बदल झाल्यावर कळवतो. त्याच्या आतून डॉक्युमेंटला हात लावलात की इल्लीगलस्टेटएक्सेप्शन येतं, «अटेम्प्ट टू म्युटेट इन नोटिफिकेशन» अशा मजकुराचं. मग कोणीतरी इन्व्होकलेटरमध्ये (काम थोडं मागे ढकलून चालवणारी मेथड) गुंडाळायला सांगतं. एक्सेप्शन जातं, पण तुमच्या बदलाने लिसनर पुन्हा वाजतो, आणि भरभर टाइप करणाऱ्याची अक्षरं दोन पायऱ्यांच्या मध्ये घुसतात. लिसनर ऐकण्यासाठी वापरा: बेरीज ताजी करणं, सेव्ह बटण चालू-बंद करणं. तिथेही एक जाणून घ्या, सेटटेक्स्टने भरलेल्या फील्डवर तो दोनदा वाजतो, आधी रिमूव्हअपडेट, मग इन्सर्टअपडेट. मधल्या क्षणी फील्ड रिकामं असतं. त्या क्षणी बेरीज काढणारा कोड रिकाम्या स्ट्रिंगवर पार्स करायला जाऊन पडतो.

आता नावाचं फील्ड, आणि गळणाऱ्या काना-वेलांट्या. हा दोष जवळजवळ नेहमी कॅरेक्टरच्या इझलेटरमुळे येतो. यूनिकोडच्या दृष्टीने क हे अक्षर आहे, पण काना, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलंत ही चिन्हं आहेत, लेटर नाहीत. इझलेटरच्या चाळणीतून «कुलकर्णी» गाळून पाहा: हाती «कलकरण» येतं. मग कोणी सुचवतं की इझअल्फाबेटिक वापरा. त्याने उकार आणि वेलांटी वाचतात, पण हलंत तरीही जातो, आणि उरतं «कुलकरणी». हे पहिल्यापेक्षा वाईट, कारण ते वाचता येतं. तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटतं आणि पासबुकावर छापलं जातं.

चालणारी चाळणी अशी: प्रत्येक कोडपॉइंटची (यूनिकोडमधल्या एका चिन्हाचा क्रमांक) यूनिकोडस्क्रिप्ट, म्हणजे लिपी, विचारा. देवनागरी असेल तर घ्या, पण आकडे वगळून, कारण ० ते ९ सुद्धा देवनागरी स्क्रिप्टमध्येच मोडतात. शिवाय स्पेस, बिंदू आणि इनहेरिटेड या गटातली अक्षरं घ्या. बिंदू डॉ., ॲड., कै. यांसाठी. इनहेरिटेड गट सोडला तर शून्य रुंदीचा जोडक, यूनिकोड 200डी, गाळला जातो, आणि तो मराठीत शोभेचा नाही. कऱ्हाडे, गोऱ्हे या आडनावांतला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो: ऱ आणि हलंत, किंवा र, हलंत आणि तो जोडक. दुसऱ्या तऱ्हेतला जोडक काढलात की कऱ्हाडे यांचे कर्हाडे होतात, अर्ध्या र चा रफार होऊन.

या दोन तऱ्हा डोळ्याला सारख्याच दिसतात, पण इक्वल्सला वेगळ्या. नॉर्मलायझर एनएफसी (यूनिकोडच्या लेखी समान असलेली रूपं एक करणारी पद्धत) चालवून त्या एक होत नाहीत. म्हणून फील्ड सोडताना, टाइप करताना नव्हे, र-हलंत-जोडक या तिकडीचं ऱ-हलंत या जोडीत रूपांतर करून साठवा. तसंच ॲ चं: जुन्या पद्धतीने अ वर अर्धचंद्र देऊन लिहिलेला आणि एकाच कोडचा ॲ असे दोन प्रकार सापडतात. हे केलं नाही तर शोधात तोच खातेदार एकदा सापडतो, एकदा सापडत नाही.

गळतीचं दुसरं कारण आयएमई. विंडोजवरचा इन्स्क्रिप्ट हा साधा कीबोर्ड लेआउट आहे, दाबलेल्या कीचं अक्षर थेट येतं. फोनेटिक प्रकारात मात्र रोमन अक्षरं टाइप होत असताना मजकूर अर्धवट अवस्थेत, खाली रेघ घेऊन फील्डमध्ये दिसतो आणि नंतर पक्का होतो. लिनक्सवर आयबस हे आयएमई वापरणाऱ्यांचंही तेच. हा अर्धवट मजकूर स्विंग खरोखरच डॉक्युमेंटमध्ये घालतं, इन्सर्टस्ट्रिंगच्या वाटेने, आणि सोबतच्या ॲट्रिब्यूटसेटमध्ये स्टाइलकॉन्स्टंट्सचं कम्पोझ्डटेक्स्टॲट्रिब्यूट असतं. पुढची की दाबली की तो रिमूव्हने काढतं आणि नवा घालतं. काढायचा भाग कुठून सुरू होतो हे ते घातलेल्या मजकुराच्या लांबीवरून मोजतं. तुमच्या फिल्टरने मध्येच चार अक्षरं गाळली की गणित चुकतं, आणि पुढच्या रिमूव्हमध्ये आधीची, पक्की झालेली अक्षरं खाल्ली जातात. म्हणून इन्सर्टस्ट्रिंगच्या अगदी सुरुवातीला: ॲट्रिब्यूटसेट नल नसेल आणि त्यात हा ॲट्रिब्यूट असेल, तर काहीही न तपासता बायपासकडे सोपवा. पक्का मजकूर नंतर रिप्लेसमधून येतोच, तपासणी तिथे. याचाच जोडपरिणाम असा की जुळवणी चालू असताना गेटटेक्स्ट अर्धवट मजकूरही देतं. टाइप होताच शोध चालवणारं फील्ड असेल तर हे ध्यानात घ्यावं लागतं.

रक्कम आणि पॅनच्या फील्डवर एनेबलइनपुटमेथड्स खोटं करून टाका, म्हणजे जुळवणीचा प्रश्न तिथे येणार नाही. लेआउट बदलणाऱ्या कीबोर्डवर याचा परिणाम होत नाही, त्यामुळे देवनागरी आकड्यांचं रूपांतर तरीही हवंच.

नावाच्या लांबीची मर्यादा कशात मोजणार? स्ट्रिंगचं लेंग्थ यूटीएफ-16 चे तुकडे मोजतं. «क्षत्रिय» डोळ्याला तीन अक्षरं, लेंग्थला आठ. जोडाक्षर एक धरायचं का, याचं यूनिकोडचं उत्तरही 15.1 आवृत्तीत बदललं, त्यामुळे अक्षरं मोजणाऱ्या क्लासवर विसंबलात तर जावाची आवृत्ती बदलल्यावर आकडा बदलू शकतो. माझ्या मते फिल्टरमध्ये मर्यादा लावायची ती डेटाबेसच्या मापानेच लावावी. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक कोडला 3 बाइट लागतात. ओरॅकलमध्ये व्हारचारटू 50 असा कॉलम काही न सांगता केला तर ते 50 बाइट असतात, म्हणजे जेमतेम 16 कोड. पूर्ण नाव त्यात मावत नाही. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल व्हारचारची लांबी अक्षरांत, म्हणजे कोडपॉइंटमध्ये, मोजतात. आधी कॉलम नीट करा, मग फील्डची मर्यादा ऐसपैस ठेवा.

पॅनसाठी बहुतेकांना मास्कफॉरमॅटर (ठरलेल्या साच्यात मजकूर घेणारा स्विंगचा क्लास) आठवतो, पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. कागदावर बरोबर. पण त्यातलं अक्षराचं चिन्ह इझलेटर विचारतं आणि आकड्याचं इझडिजिट, त्यामुळे क, ख, ५ सगळं चालतं. शिवाय माणूस माउसने फील्डच्या मध्यावर क्लिक करतो आणि कर्सर रिकाम्या रेघांच्या मध्ये जाऊन बसतो. पेस्टच्या आधी एक स्पेस असली की पेस्ट नाकारली जाते. साधा फिल्टर बरा: ट्रिम, मग टूअपरकेसला लोकेल रूट देऊन मोठी लिपी, फक्त रोमन ए ते झेड आणि 0 ते 9 थेट तुलनेने, जास्तीत जास्त दहा. लोकेल न देता टूअपरकेस केलं तर तुर्की सेटिंगच्या मशीनवर आय चा वेगळाच मोठा आय होतो. आपल्याकडे क्वचित, पण रूट लिहायला काही पडत नाही. क्रम बरोबर आहे का आणि चौथं अक्षर खात्याच्या प्रकाराशी जुळतं का, व्यक्तीसाठी पी, कंपनीसाठी सी, हिंदू अविभक्त कुटुंबासाठी एच, हे फील्ड सोडताना.

फील्ड सोडताना म्हणजे इनपुटव्हेरिफायर. त्याचं शूडयील्डफोकस खोटं परत करून माणसाला फील्डमध्ये कोंडून ठेवता येतं, पण तसं करू नका. खातेदाराचा पॅन समोर नसेल तर त्याला आधी बाकीचं भरू द्या. चूक दाखवा, फोकस जाऊ द्या. कोंडायचंच ठरवलंत तर निदान रद्द बटणावर सेटव्हेरिफायइनपुटव्हेनफोकसटार्गेट खोटं करा, नाहीतर चुकीचा पॅन भरलेल्याला फॉर्म रद्दसुद्धा करता येत नाही.

आणि व्हेरिफायर आहे म्हणून सेव्हमधली तपासणी काढू नका. व्हेरिफायर फोकस हलला तरच चालतो. एंटर दाबून डिफॉल्ट बटण चालवलं, कंट्रोल-एसने मेनू चालवला, किंवा टूलबारवरचं बटण फोकस घेत नसेल, तर फोकस फील्डमध्येच राहतो आणि व्हेरिफायर झोपलेला असतो. सेव्हच्या पहिल्या ओळीत प्रत्येक फील्डची तीच तपासणी स्वतः बोलवा.

जेफॉर्मॅटेडटेक्स्टफील्डबद्दल विचारलंत म्हणून. तारीख किंवा टक्केवारीसारख्या छोट्या फील्डला ते चालतं. रकमेला माझी नापसंती आहे, कारण त्याचं डिफॉल्ट वागणं कमिट-किंवा-रिव्हर्ट असं आहे: मजकूर वैध नसेल तर फोकस जाताना जुना आकडा मुकाट परत येतो. माणूस 5000 च्या जागी काहीतरी टाइप करून टॅब मारतो आणि स्क्रीनकडे न बघता पुढे जातो. फील्डमध्ये जुनेच 5000. अलाउजइनव्हॅलिड खोटं केलं, म्हणजे अवैध मजकूर आत येऊच दिला नाही, तर उलट टोक, शेवटचा आकडा पुसणंही जड जातं. वापरायचंच तर सेव्हमध्ये आधी कमिटएडिट बोलवा, म्हणजे टाइप केलेला मजकूर पक्का होतो. त्यातली आणखी एक गोष्ट: बदल केलेला असताना पहिला एस्केप तेच फील्ड गिळतं, डायलॉग दुसऱ्या एस्केपला बंद होतो. फोकस मिळताच सगळं निवडायचं असेल तर सिलेक्टऑल इन्व्होकलेटरमध्ये टाका, नाहीतर फील्ड स्वतःचा मजकूर पुन्हा बसवताना निवड घालवतं.

दिसण्याचं थोडक्यात. सेटप्रेफर्डसाइझने उंची पंचवीस पिक्सेलला बांधलीत तर र्की, ऐं यांसारख्या अक्षरांचा वरचा भाग कापला जातो. उंचीला हात लावू नका, रुंदी सेटकॉलम्सने द्या. कॉलमची रुंदी रोमन एम अक्षरावरून ठरते, तेव्हा मराठी नावासाठी नजरेनेच जुळवा. फाँटचं नाव पक्कं लिहायचं असेल तर त्या फाँटवर कॅनडिस्प्लेअपटू चालवून उणे एक येतो का पाहा, नाहीतर कुठल्यातरी मशीनवर चौकोन दिसतील. सर्वात निर्धास्त म्हणजे नोटो सॅन्स देवनागरीची फाइल ॲपसोबत देणं आणि क्रिएटफाँटने लोड करणं. आतली मोकळी जागा सेटमार्जिनने होत नसेल तर कारण असं की तुम्ही आधी सेटबॉर्डर केलंय. तेव्हा कंपाउंडबॉर्डरमध्ये आत एम्प्टीबॉर्डर घाला. फ्लॅटलाफ (स्विंगला आधुनिक रूप देणारी लायब्ररी) वापरत असाल तर प्लेसहोल्डर, पुसायचं बटण आणि चुकीची लाल कड हे सगळं क्लायंट प्रॉपर्टीने मिळतं, पेंटकम्पोनंट ओव्हरराइड करायची गरज नाही. नुसत्या लाल कडेवर थांबू नका, फील्डखाली एका ओळीत काय चुकलं ते लिहा.

अनडू ठेवणार असाल तर दोन गोष्टी. रिप्लेस म्हणजे डॉक्युमेंटच्या लेखी एक रिमूव्ह आणि एक इन्सर्ट, दोन वेगळे एडिट. अनडूमॅनेजर थेट लावला तर पहिल्या कंट्रोल-झेडला अर्धंच परततं, आणि जिवंत स्वल्पविरामांच्या फील्डमध्ये तर अख्खं फील्ड क्षणभर रिकामं दिसतं. दोन्ही एडिट कंपाउंडएडिटमध्ये बांधावे लागतात. दुसरं, अनडू फिल्टरमधून जात नाही, थेट मजकूर परत ठेवतो. सेव्हमधली तपासणी काढू नका म्हटलं त्याचं हेही एक कारण.

शेवटी फिल्टर लावण्याची वेळ. फिल्टर माणसाच्या टायपिंगला आणि तुमच्या सेटटेक्स्टला सारखंच अडवतो. जुन्या डेटात रकमेच्या जागी «निरंक» किंवा नावाच्या जागी रोमन मजकूर असेल, तर तो लोड होताना नाकारला जातो, फील्ड रिकामं दिसतं, आणि कोणी पत्ता दुरुस्त करून सेव्ह दाबलं की जुनी नोंद रिकाम्याने पुसली जाते. फिल्टरमध्ये एक बूलियन ठेवा, लोड करताना तो उघडा सोडा आणि लोड झाल्यावर बंद करा. न जुळणाऱ्या फील्डला तिथल्या तिथे चुकीची कड द्या. आणि सेव्हमध्ये ज्या फील्डचा मजकूर लोडपासून बदललेलाच नाही, तो कॉलम अपडेटमध्ये घालूच नका.